आबा, तुमचं धोतर ओलं कसं?

आबा,

तुमचं तेरावं झालं. मांडव उतरला, उसनी आणलेली पातेली ज्याच्या त्याच्या घरी गेली आणि तुमच्या बहिणीला, फैजपूरच्या आत्याबाईंना, काल दुपारच्या एसटीत बसवून दिलं. जो आला तो तुमच्याबद्दल चांगलंच बोलून गेला. माणूस सरळ होता म्हणे. पोटात एक अन् ओठात एक असं कधी केलं नाही म्हणे. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, एवढा सरळ होता तर याचं धोतर रोज ओलं कसं व्हायचं?

गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, ठाऊक आहे. पण मी तुमची सून असले तरी जळगावच्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी आहे. आमच्या घरी आमटी खारट झाली तरी वडील साक्षीपुरावे मागायचे. संशय माझ्या अंगात मुरलेला आहे. तुम्ही मला उत्तर न देता निघून गेलात, याचं मला रडू येतं आणि रागही येतो. शिवाय प्रश्न नुसता धोतराचा नाही. तुम्ही होतात म्हणून मी रोज संध्याकाळी नदीवर जात होते. आता मी कुठल्या निमित्तानं उंबरा ओलांडायचा, हे मला कोणी सांगत नाही.

मला पाहायला तुम्ही जळगावला आलात ते आठवतं? बाकीच्यांनी स्वयंपाक, शिवण, पोथी असलं सगळं विचारून झालं. तुम्ही कोपऱ्यात सुपारी कातरत बसला होतात. उठता उठता म्हणालात, "पोरी, तुले काय आवडस?" मी कशाची तयारी केली नव्हती. तोंडातून निघून गेलं, "चालायला." बैठक हसली. मी वडिलांबरोबर रोज मेहरूणच्या तलावाला फेरी मारायची, ते माझ्या डोळ्यांपुढं होतं. वडिलांनी सावरून घेतलं, "म्हणजे कामात चपळ आहे हो." तुम्ही सुपारी तोंडात टाकलीत आणि चपला शोधायला लागलात.

धुळ्याला आले आणि चालणं संपलं. जुन्या धुळ्यातली आपली गल्ली, तिच्यात आपलं घर, घरात मी. बाहेर जायचं ते सासूबाईंच्या, अक्कांच्या मागून देवळात, नाहीतर हळदीकुंकवाला. पांझरा इतकी जवळ की वारा तिकडून असला की धोबी कपडे आपटतात त्याचा आवाज न्हाणीत ऐकू येई. पण ती मी पाहिली नव्हती. सुनेला नदीवर काय काम? नळ तर दारात होता. वर्षभर मी अंगणात फेऱ्या मारल्या. तुमचे चिरंजीव दुकानातून येऊन म्हणायचे, "अगं, बस की जरा." त्या माणसाच्या मनात कधी काही येत नाही, हे त्याचं सुखच आहे.

मग एकाएकी तुम्हाला नदीचं वेड लागलं. सरकी-ढेपेचं दुकान मुलांच्या हाती सोपवल्यावर तुम्ही ओटा सोडत नव्हतात. दोन गल्ल्या पलीकडे जायचं तरी टांगा शोधणारा माणूस तुम्ही! तो माणूस रोज उन्हं उतरली की एक खाकी पिशवी काखेत मारून निघायला लागला. कुठे, विचारलं तर "आठेच", म्हणजे इथंच. परत यायचात तेव्हा धोतराचा काठ ओला. पिशवीला कोणी हात लावलेला चालायचा नाही. आठवडाभर अक्कांनी पाहिलं आणि एका दुपारी मला माजघरात ओढलं.

"कोठे जातस ते? जरा देखी ये."

"मी?"

"मंग कोन? मी या वयमा त्यासना मांगे मांगे फिरू? तू जाय. म्हण, माले बी देवदर्शन करनं शे. आनि डोया उघडा ठेव."

अक्कांना कसला संशय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मी आपली अटकळ बांधली. साठी उलटलेला पुरुष, लपवलेली पिशवी, ओलं धोतर, रोजची ठरलेली वेळ. दुसरी बाई! कारकुनाच्या मुलीला दुसरं काय सुचणार?

पहिल्या दिवशी मी तुमच्या मागून अनवाणी निघाले. सासऱ्यांसमोर सुनेनं चपला घालायच्या नाहीत, ही आपल्या घराची रीत. गल्लीचं तोंड ओलांडलं, लहान पुलाकडची वाट लागली आणि तुम्ही मागं न बघता म्हणालात, "हेर म्हणीसन उनी ना तू? मंग नीट देखी ले." माझं तोंड उतरलं. नदीकाठचे दगड तापलेले होते, मी पाय उचलून उचलून टाकत होते. तुम्ही थांबलात, पिशवीत हात घातलात आणि बायकांच्या चपलांचा जोड काढून माझ्यापुढं टाकलात.

"कोणाच्या?" मी विचारलं.

"फैजपूरनी बहीणन्या. इसरी गई. घाल."

मी घातल्या. अगदी बरोबर बसल्या. आणि माझा संशय तिथल्या तिथं पक्का झाला. जो माणूस काखेत बायकी चपला घेऊन नदीवर हिंडतो, त्याच्या मनात पाप नाही असं कोण म्हणेल? मी ठरवलं, ही बाई मी शोधून काढणार.

तिच्या शोधात मी अख्खा काठ पालथा घातला, आबा. लहान पुलापासून वरच्या अंगाला, कधी खालच्या. पायऱ्या खचलेला दगडी घाट, शेंदूर फासलेले देव, विटा निघालेली एक समाधी, कोपरापासून हात आणि हातात बांगड्या कोरलेला सतीचा दगड, पलीकडे देवपूरची झाडी. प्रत्येक देवळाच्या मागं मी डोकावायची. तुम्ही समजायचात, सुनेला इतिहासाची गोडी आहे. का तसं समजत नव्हतात? आता मला त्याचाही संशय आहे.

तुम्ही सांगत असलेला इतिहास हा आणखी एक पुरावा. तुम्ही म्हणायचात, मी लहानपणी इथं पोहलो, मला दगडन् दगड माहीत आहे. सोमवारी सांगितलंत की हा घाट एका मारवाडी सावकारानं आपल्या सुनेसाठी बांधला, तिला नदी बघायची होती. बुधवारी सावकार जाऊन तिथं सरदार आला, सून तीच. मी म्हणाले, "आबा, परवा तर सावकार होता." तुम्ही म्हणालात, "दोन्ही व्हतात." मी मनात टिपून ठेवलं की हा माणूस खोटं बोलतो, आणि सफाईनंही बोलत नाही.

घाटाच्या खालच्या अंगाला कादरभाई रंगारी कापड रंगवून वाळत घालायचे. एकदा तुम्ही पुढं गेलात तेव्हा त्यांनी मला हळूच सांगितलं, "बहनजी, ये घाट किसका है, कल चाचाजीने मेरेसेच पूछा था. मैं बोला, मेरेको क्या मालूम." म्हणजे तुम्हाला काही माहीत नव्हतं! पोहलात म्हणे. गुडघाभर पाण्यात उतरताना तुम्ही माझा खांदा धरायचात.

आणि ती कडी. घाटाच्या दगडात शिसं ओतून बसवलेली लोखंडी कडी. तुमचं म्हणणं, नावा बांधायची. पूर्वी तापीतून माल भरून नावा इथवर यायच्या. मी म्हणायची, "आबा, पांझरेत म्हैस बसली तर तिची पाठ कोरडी राहते, नाव कुठली चालणार? बैल नाहीतर घोडे बांधत असतील." तुम्ही चिडायचात. "तू आठली का? तू जळगावनी!" मी म्हणायची, "म्हणून काय नदीला खोल करू?" कितीतरी वर्षं आपण त्या कडीवरून भांडलो. भांडता भांडता माझा डोक्यावरचा पदर खांद्यावर आला, हे पहिल्या वेळी माझ्या लक्षातच आलं नाही. लक्षात आल्यावर मी तो घाईनं ओढला तर तुम्ही दुसरीकडे बघत म्हणालात, "ऱ्हाऊ दे. आठे वारा शे." कडीला कादरभाईंनी कापड वाळवायची दोरी बांधलेली असायची आणि आपण दोघंही ती हिशेबात न धरता भांडत असू.

परतताना गल्लीच्या तोंडाशी मी चपला काढायची, तुम्ही त्या झटकून पिशवीत टाकायचात. पायरीवर पाय धुतल्यानं धोतराचा काठ ओला असायचाच. घरात पाऊल टाकलं की अक्का मला माजघरात बोलवायच्या. इथं मात्र मी पेचात पडले. काही नाही, नुसते फिरतात, असं सांगावं तर अक्का म्हणणार, मग आता जाऊ नको. काही आहे म्हणावं तर घरात आग. मी मधलं सांगायची. "आज तर काही दिसलं नाही अक्का, पण ते पुलापाशी थोडे घुटमळले." अक्का म्हणायच्या, "हां! मंग उद्या बी जाय." हे घुटमळणं मी किती दिवस पुरवलं ते मलाच ठाऊक. तुम्हीही पुलापाशी खरोखरच घुटमळायला लागला होतात. मी काय सांगते हे तुम्हाला कोणी सांगितलं, आबा?

दुष्काळाच्या उन्हाळ्यात मी बाळंतपणाला जळगावला गेले. मुलगी घेऊन परत आले तेव्हा मनाशी म्हटलं, संपलं आपलं नदीवर जाणं. लेकुरवाळीला कोण सोडतंय? अक्का तसंच म्हणत होत्या. पण आल्या दिवशीच त्यांनी मला खोलीत नेलं, ट्रंकेतून तुमचं एक धोतर काढलं आणि काठ माझ्यापुढं धरला. काठाला निळा डाग.

"देख," म्हणाल्या. "नदीमा पानीना थेंब नही. तरी रोज वल्लं. आनि हाई देख."

मी काठ उजेडात धरून पाहिला. निळा रंग म्हणजे लुगड्याचा, दुसरं काय! पांझरा त्या वर्षी ठणठणीत कोरडी होती, बाया पात्रात झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. अक्का म्हणाल्या, पोरीला मी सांभाळते, तू पुन्हा जायला लाग. मी गेले. त्या दिवशी मी तुम्हाला कडीपाशी उभं केलं आणि सरळ विचारलं, "आबा, नदीला पाणी नाही. धोतर भिजतं कुठं?"

"झिरा खोदना व्हता," तुम्ही म्हणालात.

"तुम्ही? ज्यांना ओट्यावरून उतरताना हात लागतो, त्यांनी?"

तुम्ही पिशवीतून चपला काढून पुढं केल्यात. "घाल. पाय भाजतीन." विषय संपला. त्यानंतर मी कितीदा छेडलं, तुम्ही कितीदा टाळलंत. मला राग यायचा, पण संध्याकाळ झाली की मी तुमच्या आधी दाराशी उभी असायची, हेही खरं.

शेवटच्या आजारात तुमचं बोलणं तुटक झालं होतं. मी पाणी पाजताना कानाशी वाकून म्हटलं, "आता तरी सांगा. मी अक्कांना नाही सांगणार." तुम्ही डोळे मिटलेल्या अवस्थेत हसलात. "बरा व्हसू तवय सांगसू," म्हणालात. बरे झाला नाहीत. शेवटपर्यंत लबाडी सोडली नाहीत.

तेराव्याला आत्याबाई आल्या. मी त्यांच्या पाया पडले, आणि डोकं खाली असताना माझी नजर त्यांच्या पावलांवर गेली. आबा, तुमच्या बहिणीचं पाऊल रुंद, टाचा भेगाळलेल्या, माझ्या दीडपट. त्या चपलेत त्यांचा अंगठा मावला नसता. मी चहा देताना सहज विचारलं, "आत्याबाई, तुमच्या चपला मागं इथं राहिल्या होत्या का हो?"

"माह्या?" त्या म्हणाल्या. "मी जन्मात पायात चप्पल नाही घातली वं. केळीच्या बागात चिखल असते, चप्पल काय करू?"

झालं. तेराव्याच्या दिवशी, गोडाचं जेवण वाढता वाढता, माझ्या मनात ती दुसरी बाई पुन्हा उभी राहिली. माझ्याच मापाची.

आज सकाळी मी अक्कांना म्हटलं, आबांची गोधडी नदीवर धुऊन आणते. ती गोधडी घरात धुता येण्यासारखी नव्हती, म्हणून त्या नाही म्हणू शकल्या नाहीत. घाटावर कादरभाई भेटले. तुमचं कळलं होतं त्यांना. ते कापड धुवायच्या हौदातलं पाणी ढवळू लागले. मग मी धीर केला आणि धोतराचं विचारलं.

ते गालात हसले. "आप मायके गई थी ना, वो गर्मी में? चाचाजी रोज आते, घंटाभर बैठते, जम्हाई लेते. जाते टैम मेरे हौद में धोती का पल्ला डुबोते. पहले भी, आप आना शुरू करने के पहले, ऐसेच करते थे. मैं पूछा, चाचाजी ये क्या? बोले, घर में शक आना चाहिए. एक दिन बातों-बातों में नील की नांद में डुबो दिया."

मी गोधडी तशीच भिजवून पिळली आणि घरी आले. संशय यावा म्हणून! कोणाला यावा? का यावा? एवढं कळूनही माझं डोकं चालेना, कारण चपलांचं कोडं बाकी होतं.

अक्का कोपऱ्यात बसल्या आहेत. तुम्ही गेल्यापासून त्यांची जागा तीच, भिंतीला पाठ, तोंड अंधाराकडे. शेजारच्या बाया सांगून गेल्या की वर्षभर त्यांनी बाहेर पडायचं नाही. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि म्हटलं, "अक्का, खरं सांगा. तुम्हाला तेव्हा कोणत्या बाईचा संशय होता?"

"बाई?" अक्कांनी मान वळवली. "कसानी बाई?" आणि तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा त्या हसल्या, तोंडाला पदर लावून हसल्या. "त्यासले कोन बाई इचारी? येडी व्हयनी का? माले वाटनं, घर वाटी ऱ्हायनात. दोन्ही पोरेसनी वाटणी. दलालले भेटाले जातस नदीवर. तो निळा डाग शाईना, कागदपत्रसना."

"पण वाटणीचं कशावरून वाटलं?"

"एक दिन सकाळे न्हाणीना दारशी गुडघावर बठेल व्हतात. हातमा सुतळी. फरशी मोजी ऱ्हायंतात. माले देखं आनि गाठ मारीसन सुतळी खिसामा टाकी. दुसरा दिनपासून ती पिशवी."

"न्हाणीच्या दाराशी?" मी विचारलं. "न्हाणीतून तेव्हा कोण बाहेर आलं होतं, अक्का?"

"तूच. न्हाईसन गयथी. फरशी वल्ली व्हती अजून."

मी उठून न्हाणीच्या दाराशी गेले आणि तिथं बसून पोटभर रडले. शहाबादी फरशी आहे तिथं. ओलं पाऊल पडलं की टाचेपासून अंगठ्यापर्यंत अख्खं उमटतं आणि जरा वेळानं वाळून जातं. ते वाळायच्या आत तुम्ही दुकानच्या पोत्याची सुतळी घेऊन, दुखऱ्या गुडघ्यांवर बसलात. मी हेर म्हणून नेमली जायच्या आधीच माझ्या मापाच्या चपला तुमच्या काखेत होत्या. सून नदीवर जाऊ दे, असं तुम्ही घरात म्हणाला असतात तर घरानं तुम्हाला वेड्यात काढलं असतं. म्हणून तुम्ही स्वतःवर संशय ओढवून घेतलात, आणि जांभया देत, न पोहलेल्या नदीची खोटी कहाणी सांगत वर्षानुवर्षं घाटावर बसलात. सावकार बदलला, सरदार बदलला, पण नदी बघायची असलेली सून कधी बदलली नाही, हे माझ्यासारख्या संशयी बाईच्या लक्षात येऊ नये? आबा, मी चुकीच्या माणसावर नजर ठेवत होते. मी तुम्हाला तोंडावर काहीच म्हणू शकले नाही. आता म्हणते. फार उपकार केलेत.

कडीचं मात्र मी मान्य करणार नाही. नावा चालणं शक्य नाही.

हे लिहिता लिहिता उन्हं उतरली. मी तुमची खाकी पिशवी खुंटीवरून काढली, काखेत मारली आणि कोणाला न सांगता निघाले. अक्कांनी कोपऱ्यातून विचारलं, "कोठे?" मी म्हटलं, "इथंच." चपला गल्लीच्या तोंडाशी घातल्या. पायरीवर बसून लुगड्याचा काठ पाण्यात चांगला घोळवला आणि दिवेलागणीला परत आले. अक्कांच्या समोरून मुद्दाम हळू गेले. त्यांचं तोंड अंधाराकडून माझ्याकडे वळलं होतं.

मग त्या हातपाय धुवायला न्हाणीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा फरशीवर पावलं उमटली, बारीक, आत वळलेली, जन्मात चप्पल न पाहिलेली. मी सुतळी घेऊन वाकले. टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणली आणि गाठ मारणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय मोजी ऱ्हायनी व?"

"काही नाही, अक्का." मी सुतळी कमरेला खोचली.

अक्का जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझ्या ओल्या काठाकडे पाहिलं, काखेतल्या पिशवीकडे पाहिलं आणि डोळे बारीक केले. त्या डोळ्यांत पुरता संशय होता, आबा. मला फार बरं वाटलं.